स्विच नसलेली गिटार

"दुसरा पिकअप कुठाय?"

मामाचा पहिला प्रश्न हा. रंग, वजन, किंमत, यांतलं काहीही त्यानं विचारलं नाही. मामानं उमेदीची वर्षं मुंबईच्या ऑर्केस्ट्रांत काढली आहेत. गणपतीत मंडळांचे मांडव, लग्नसराईतले हॉल, कामगार वसाहतींची मैदानं, एकतीस डिसेंबरला जिमखाने. जिथून बोलावणं येईल तिथं गिटार घेऊन गेलेला माणूस. मी हौशी. नोकरीवरून आल्यावर खोलीचं दार लावून, शेजाऱ्यांच्या बेतानं आवाज ठेवून वाजवणारी. त्यामुळे आमचं गिटारीवरून वाजणं नवं नाही. या वेळचं जरा लांबलं, आणि त्यातलं बरंच काही टिपून ठेवावंसं वाटलं.

मी घेतलेली गिटार गिब्सनच्या लेस पॉल ज्युनियरच्या घाटाची, खिशाला परवडणारी. महोगनीची सपाट फळी, ब्रिजजवळ काळ्या टोपणाखाली तारेच्या कंपाची वीज करणारा एकच पी-९० पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, संपलं. केशर हात राखून घातलेल्या श्रीखंडाचा रंग, आणि त्यातून लाकडाच्या रेषा दिसतात. हातात घेतल्यावर आधी जाणवते ती मान. भरदार आहे, मूठ भरून येते. केबल न लावता नुसती छेडली तरी फळीचा कंप बरगडीला कळतो. मला ती दुकानातच आवडली होती. मामाला आवडणार नाही हेही तिथंच कळलं होतं.

मी : दुसरा नाहीच. हिला एकच असतो.

मामा : असतो म्हणजे? निघाला, काढला, की दिलाच नाही?

मी : दिलाच नाही. १९५४ पासून.

मामा : म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी कंपनीनं वाचवलेले पैसे तू आज भरतेयस.

मी : वाचवले हे खरं. गिब्सननं ती शिकाऊ पोरांसाठी काढली होती. ९९ डॉलर ५० सेंट. मोठी सोनेरी लेस पॉल तेव्हा तिच्या दुपटीहून महाग होती. मग किंमत उतरवायला काय काय काढलं, तर वरचा कोरीव मेपल, कडेची पांढरी पट्टी, आणि दुसरा पिकअप.

मामा : बघ. आणि त्याच १९५४ साली फेंडरनं स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली. तीन पिकअप. एकीकडे माणसं तीन देत होती, दुसरीकडे तुझी एकावर भागवत होती.

मी : पण भागलं ना! लेस्ली वेस्टचं ‘मिसिसिपी क्वीन’ ऐक, १९७०चं. तो दगड फोडल्यासारखा आवाज ज्युनियरचाच आहे. ग्रीन डेचा बिली जो आर्मस्ट्राँग १९५६ची ज्युनियर घेऊन स्टेडियमं भरवतो. शिकाऊंची गिटार शिकाऊंकडे राहिली नाही.

मामा : म्हणून तर ती महागली. जुन्या ज्युनियरला आज लाखांत पैसे मोजतात लोक. गरिबासाठी केलेली वस्तू श्रीमंतांना आवडली की तिला साधेपणा म्हणतात.

हे त्याचं वाक्य मला लागलं, कारण माझ्या कपाटात आणखी दोन गिटारी आहेत. साधेपणाची आवड असणाऱ्याकडे साधारणपणे अशा बऱ्याच वस्तू असतात.

मी अ‍ॅम्प लावला. छोटाच आहे, पाच वॅटचा, व्हॉल्व्हचा. व्हॉल्यूमचा नॉब पूर्ण उघडून मी एक ‘ए’ मेजर वाजवला. पी-९० चा स्वभाव त्या एका कॉर्डमध्ये कळतो. फेंडरच्या बारीक पिकअपसारखा तो काचेवर नाणं पडल्यासारखा वाजत नाही, आणि हंबकर जातीच्या पिकअपसारखा सगळं गुळगुळीतही करत नाही. मध्ये कुठेतरी आहे. खर्जात भरीव, वर थोडा खरखरीत. प्लेक्ट्रम जोरात मारलं की गुरगुरतो, हळू मारलं की तोच सूर जवळजवळ स्वच्छ येतो. मग नॉब दहावरून पाचाच्या खाली आणला. गुरगुर गेली. त्याच अ‍ॅम्पमधून, त्याच सेटिंगवर, आता मागे साथ करण्याजोगा आवाज येत होता.

मी : हा घे तुझा दुसरा पिकअप.

मामा : हा दुसरा पिकअप नाही, हा पहिलाच दबक्या आवाजात बोलतोय. गळ्याजवळचा पिकअप म्हणजे वेगळाच गळा असतो. तिथं तार मोठी हलते. ब्रिजशी ती हलतेच किती?

इथं मामा पूर्ण बरोबर आहे आणि ते नीट सांगायला हवं. तार दोन टोकांना बांधलेली असते. टोकाजवळ तिचा झोका लहान, मध्याकडे मोठा. ब्रिजपाशी मूळ सुराचा झोका क्षीण असतो आणि त्या मानानं वरचे उपसूर जोरकस, म्हणून आवाज चरचरीत, धारदार येतो. पिकअप मानेच्या टोकाशी नेला की मूळ सूर भरून येतो, आवाज गोल होतो. दोन पिकअप म्हणजे एकाच तारेकडे दोन जागांवरून पाहणं. पिकअप स्वतः फार काही करत नाही. चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे; पी-९० मध्ये दहा हजारांच्या आसपास. वर लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलीच गोष्ट. म्हणजे काय ऐकू येणार हे बरंचसं तो कुठं बसवलाय यावर ठरतं, आणि माझा बसलाय ब्रिजशी, स्क्रूंनी घट्ट.

मी : पण छेडायची जागा माझ्या हातात आहे. हे बघ, ब्रिजपाशी छेडलं. आता मानेच्या टोकावर छेडते. फरक पडला की नाही?

मामा : पडला.

मी : मग?

मामा : अर्धा पडला. हात सरकला, पिकअप जागच्या जागी आहे. तू तारेला वेगळं बोलायला लावलंस, पण ऐकणारा कान तोच, त्याच कोपऱ्यातला.

मी : पण ते अर्धं हातानं आलं. स्विच असता तर मी हात हलवलाच नसता. इतकी वर्षं माझा उजवा हात एकाच जागी होता, हे मला ही गिटार घेतल्यावर कळलं.

मामा : तुला घरात बसून कळायला वेळ आहे. ऐक. पहिलं गाणं ‘दम मारो दम’. १९७१चं, लोकांना तोंडपाठ, सुरुवातीची गिटार जरा इकडची तिकडे झाली की पहिल्या रांगेतला माणूस मान फिरवतो. त्याच्यामागून ‘चुरा लिया है तुमने’. तिथं मऊ पाहिजे, बाई गाणार आहेत, त्यांच्या अंगावर जायचं नाही. आणि पब्लिकनं चिठ्ठी पाठवली की ‘कर्ज’मधलं ‘एक हसीना थी’, तिथं गिटारच हिरो. तीन गाणी, तीन आवाज, गिटारवाला एक. निवेदक विनोद सांगतोय तेवढ्यात मी तयार पाहिजे. मी काय तिथं उजव्या हाताचा शोध घेत बसू?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मामाच्या हातात स्विच ही चैन नव्हती, ती कामाची गोष्ट होती. पाच जागांचा स्विच फेंडरनं स्ट्रॅटवर कंपनीतूनच द्यायला १९७७ मध्ये सुरुवात केली. त्याआधी तीनच जागा होत्या, आणि वाजवणारे दोन जागांच्या मध्ये स्विच अडकवून दोन पिकअपचा मिश्र आवाज काढायचे. कंपनीच्या आधी गरज वाजवणाऱ्यांना कळली होती. मामा म्हणतो ते हेच. वाढीव पर्याय ज्यांनी मागून घेतले ते आळशी नव्हते, त्यांना रात्रभर लोकांचं मन राखायचं होतं.

तरी मी इतिहासात शिरले. हरू लागलं की मी तेच करते.

मी : पहिली विजेची गिटार आठव. रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’, १९३०च्या दशकाची सुरुवात. जॉर्ज बोशाँला तिचं पेटंट मिळालं १९३७ मध्ये. पिकअप किती? एक. घोड्याच्या नालेसारखे चुंबक आणि एक कॉइल. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या ताफ्यात आला तो गिब्सनची ईएस-१५० घेऊन. तिलाही एक. आणि त्या एकावर त्यानं गिटारला सॅक्सोफोनच्या बरोबरीनं बसवलं.

मामा : कुठं होता तो एक?

मी : म्हणजे?

मामा : ब्रिजशी की गळ्याशी?

मी : गळ्याशी.

मामा : (चहाचा घोट घेऊन) मग माझाच साक्षीदार आणलास.

मी : बरं, एस्क्वायर घे. फेंडर, १९५०. एकच, तोही ब्रिजशी. जॉनी कॅशच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर मागे जी टकटक-टकटक गिटार आहे ती लूथर पर्किन्सची एस्क्वायर. यार्डबर्ड्समध्ये जेफ बेक एस्क्वायरवर वाजवायचा.

मामा : एस्क्वायर मला माहितीय. तिला स्विच होता.

मी गप्प. होता. एक पिकअप आणि तीन जागांचा स्विच, असा तो अजब प्रकार. एका जागेवर टोनचा नॉब वगळून पिकअपचा आवाज थेट बाहेर, मधल्या जागेवर नॉबसकट, आणि तिसऱ्या जागेवर कपॅसिटर लावून दाबलेला, जाड, जवळजवळ बेसगिटारचा भास देणारा आवाज.

मामा : म्हणजे एकच पिकअप विकणाऱ्यालाही वाजवणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यावं लागलं. आणि त्याच वर्षी फेंडरनं दोन पिकअपवालीही आणलीच की नाही?

मी : आणली. पण एस्क्वायर साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत विकत राहिले. आणि सत्तरच्या दशकात एडी व्हॅन हेलननं काय केलं? कंपनीत उणी ठरलेली बॉडी आणि मान जोडून गिटार केली, ब्रिजशी एक हंबकर, एक व्हॉल्यूम. टोनचा नॉबसुद्धा नाही. गंमत म्हणजे त्या एकुलत्या व्हॉल्यूमच्या नॉबवर अक्षरं ‘टोन’ अशी.

मामा : व्हॅन हेलन स्वतःचं वाजवायचा. त्याला कोण म्हणणार की किशोरकुमारचं गाणं घे?

भांडण खरं इथं आहे, असं मला तेव्हा वाटलं. आम्ही गिटारीबद्दल बोलत होतो, पण मी जी नावं घेत होते त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःचा एक आवाज ठरवला आणि लोक त्या आवाजाकडे आले. मामाला आवाज दुसऱ्यांनी ठरवून दिलेला होता आणि तो हुबेहूब आणला तर पाकीट मिळणार होतं. एक पिकअप पहिल्याला पुरतो. दुसऱ्याला पुरत नाही. आणि मी? मी यातली कुणीच नाही. मला कुणी पाकीट देत नाही, माझा स्वतःचा असा काही आवाजही नाही. मला फक्त आवडतं. तेवढं कारण पुरे असावं, पण मामासमोर ते बोलायला जीभ रेटेना.

एकतारीचा दाखला देण्याचा मोहही मी आवरला. तो मराठीत फार स्वस्तात मिळतो.

मग मामानं पंख्याचा रेग्युलेटर फिरवला. मुद्दाम. अ‍ॅम्पमधून घूं सुरू झालं आणि रेग्युलेटरच्या प्रत्येक टप्प्याला त्याचा पोत बदलत गेला.

मामा : हे काय?

मी : सिंगल कॉइल आहे, तेवढं चालायचं. जरा वळून बसलं की कमी होतं.

मामा : वळून? मांडवात मी प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवू? लाइटवाल्याचे डिमर, बाजूला जनरेटर, अर्थिंगच्या नावानं शंख. गाता गाता ओठ माइकला लागला की झटका बसायचा, डोळ्यांसमोर पांढरं व्हायचं. तिथं तुझी ही गिटार गाण्याआधीच गायला लागली असती.

हेही खरं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते आणि कॉइल ही मुळात असे हेलकावे पकडायलाच केलेली वस्तू. तारेचे कोणते आणि ट्यूबलाइटच्या चोकचे कोणते, हे तिला कळत नाही. गिब्सनच्या सेथ लव्हरनं यावर उपाय काढला. दोन कॉइल शेजारी-शेजारी, चुंबकाचे ध्रुव आणि विजेची दिशा अशी उलट-सुलट की तारेचा आवाज जमा होतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. पेटंटचा अर्ज १९५५चा, गिटारींवर तो १९५७ मध्ये आला. हाच हंबकर. पी-९० त्याच्या आधीचा, १९४६चा. तारीख पाहून घेतलं तर मी जाणूनबुजून जुना दोष विकत घेतला आहे.

मी : पण हंबकरमध्ये तो खरखरीतपणाही जातो. दोन कॉइल दोन जागी ऐकतात, त्यात वरचे काही सूर बोथट होतात.

मामा : कुणाला कळतं?

मी : मला.

मामा : तुझ्या मामीला विचारू.

मामी आत भाजी निवडत होती. चाचणी अशी ठरली: मी मामाची स्ट्रॅट गळ्याजवळच्या पिकअपवर वाजवणार, मग माझी, टोन खाली आणून, किंवा उलट क्रमानं. मामीनं आतूनच ओळखायचं. माझी खात्री होती की टोन उतरवलेली माझी गिटार तिला फसवणार. मामीनं एकदाही चूक केली नाही. मी हरखले, म्हटलं बघा, अनुभवी कानाला पिकअप कळतो. मामी म्हणाली, "अगं नाही, तुझ्या गिटारीत तू थांबलीस की मागे घूं जास्त येतं, त्यावरून."

मामा यावर हसला नाही, हे त्याच्या चांगुलपणात जमा करायला हवं. त्यानं गिटार उचलली, पहिल्यांदाच मांडीवर घेतली. न बोलता पहिल्या पडद्यावर ‘एफ’ वाजवला, कपाळाला आठ्या घातल्या, मग मोकळा ‘ई’. मग बाराव्या पडद्यावर तिसरी तार दाबून पाहिली, तिथलाच हार्मोनिक काढला, पुन्हा दाबली.

मामा : हिला दुकानात सुरात कुणी लावलं होतं?

मी : मीच. ट्यूनरवर.

मामा : मोकळ्या तारा सुरात आहेत. पहिल्या पडद्यावर सगळं चढतंय. नटच्या खाचा उथळ ठेवल्यात. तार उंचावर बसलीय, ती पडद्यापर्यंत दाबताना ताणली जाते, म्हणून सूर चढतो. कारखान्यात घासायला कुणाला वेळ नसणार. आणि तिसरी तार बाराव्यावर वेगळीच चढतेय.

हे माझ्याही कानाला लागलं होतं, फक्त मी त्याला नवेपणा म्हणत होते. खोली भरून टाकणाऱ्या त्या आवाजाच्या कौतुकात पहिल्या दोन पडद्यांवरचा बेसूरपणा मी मागे टाकला. पहिल्या भेटीत असं होतंच, पण मामाची ती पहिली भेट नव्हती, तो तपासायला आला होता. नट ही दुरुस्त होणारी गोष्ट आहे. चांगल्या कारागिराकडे एका बैठकीचं काम. तिसऱ्या तारेचं मात्र तसं नाही. या गिटारीचा ब्रिज म्हणजे एक अखंड धातूचा दांडा, तारा त्यावरूनच गुंडाळून पुढे येतात. दांड्याला दोन टोकांना दोन स्क्रू. त्यानं पूर्ण दांडा थोडा पुढेमागे, थोडा तिरका करता येतो, पण एकेका तारेची लांबी सुटी साधता येत नाही. सहा तारांचा एकत्र समझोता करायचा.

मामा : एक पिकअप मी एकवेळ समजू शकतो. एकत्र कुटुंबासारखा हा ब्रिज कशाला?

मी : तार थेट फळीला भिडते. मधे सुटे भाग नाहीत. म्हणून ती एवढी घुमते.

मामा : आणि एक बेसूर घुमते.

मी : तू वाजव की जरा. तपासू नकोस, वाजव.

त्यानं वाजवली. काय वाजवलं ते सांगत नाही, जुनं सिनेमातलंच होतं. मी पाहत होते त्याचा उजवा हात. करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर होती आणि सतत काम करत होती. ओळीच्या सुरुवातीला आवाज खाली, सम आली की वर, एका ठिकाणी तर सूर छेडून झाल्यावर नॉब उघडला, त्यामुळे सुराला आघातच नव्हता, व्हायोलिनसारखा तो नुसता फुलला. मधे मुखडा परत आला तेव्हा हात मानेकडे सरकला होता. मी तासभर ज्यावर भाषण देत होते ते सगळं तो करत होता, आणि माझ्याहून कितीतरी बरं.

मी : हे तू स्ट्रॅटवर कधी करत नाहीस.

मामा : गरज पडत नाही.

मी : मग शिकलास कुठं?

मामा : माझ्या पहिल्या गिटारीला एकच पिकअप होता.

हे मला माहीत नव्हतं. घरात फोटो आहेत ते सगळे नंतरच्या गिटारीचे. परदेशी गिटार त्या काळी आयात कर आणि परवाने यांच्या पलीकडची गोष्ट. धोबी तलावच्या दुकानांत काचेआड एखादी दिसायची, ती बघायची आणि लोकल पकडायची. मामाची पहिली गिटार इथेच कुणी सुताराच्या हातची, आणि तिच्यावरचा पिकअप लॅमिंग्टन रोडच्या एका रेडिओवाल्यानं वेढे घालून दिलेला. दोन करायचे पैसे नव्हते. तो एक कुठं बसवायचा यावर बरीच चर्चा झाली म्हणे, आणि शेवटी फळीत आधीच जिथं खाच पडली होती तिथं बसला.

मामा : तुला वाटतंय की मला एक पिकअप कळत नाही. मला तो पुरेपूर कळतो. तू हौसेनं घेतलास, मी सुटका होईपर्यंत वाजवला. दुसरी गिटार आली, दोन पिकअपची, तेव्हा स्विच इकडून तिकडे करत मी किती वेळ बसलो होतो ते तुझ्या आईला विचार.

मी : पण हात तर त्याच गिटारीनं दिला ना तुला?

मामा : हात द्यायला आणखीही मार्ग असतात. उपाशी राहूनही माणूस बारीक होतो, म्हणून डॉक्टर ते लिहून देतो का?

मी हे त्याचं म्हणणं पूर्ण मान्य करत नाही. नाइलाजानं आलेली मर्यादा आणि निवडलेली मर्यादा सारखी नसते हे खरं, पण हाताला त्यातला फरक कळत असेल असं मला वाटत नाही. करंगळीला नॉबवर जायची सवय कशामुळे लागली हे करंगळी विचारत नाही. दुसरीकडे हेही आहे, की मला ती सवय लागेलच याची हमी काय? मी कंटाळले की कपाटातली दुसरी गिटार काढू शकते. मामा तसं करू शकत नव्हता, त्याची सगळी तालीम त्यातून झाली. दार उघडं ठेवून कोंडून घेतल्याचं पुण्य कितपत लागतं, याची मला शंका आहे.

पण गमतीचा भाग पुढे आला. मी त्याला सांगितलं की गिटार मला एका बाबतीत सुधारून घ्यायची आहे. व्हॉल्यूम खाली आणला की आवाज नुसता लहान होत नाही, तो मंदही होतो, वरची धार जाते. नॉब अर्धा मिटला की त्याचा रोध आणि लांब केबलमधला कपॅसिटन्स मिळून उंच सूर गिळतात. उपाय सोपा आहे. व्हॉल्यूमच्या दोन टोकांत एक चिमुकला कपॅसिटर डाग देऊन जोडायचा, उंच सूर त्यातून वाट काढून जातात. ट्रेबल ब्लीड म्हणतात. चहाच्या पैशांत होतं. मला वाटलं, पर्यायांच्या बाजूनं बोलणारा मामा खूश होईल.

मामा : अजिबात करू नकोस.

मी : का? आवाज कमी केला तरी धार राहील.

मामा : धार जाते तीच तर तुझी कमाई आहे. दहावर ब्रिजचा आवाज, सहावर आलीस की तो गोल होतो, गळ्याशी जातो. तोच तुझा दुसरा पिकअप. तो तू कपॅसिटर लावून बंद करणार?

मी : मघाशी तू म्हणालास, पहिलाच दबक्या आवाजात बोलतो म्हणून.

मामा : मघाशी मी गिटार हातात घेतली नव्हती.

मी : मग मधला मार्ग. पन्नाशीतल्या गिटारींची जोडणी. टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूमच्या आधी न जोडता त्याच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला. धार थोडी राहते, थोडी जाते.

मामा : थोडी राहते, थोडी जाते! तुला नक्की काय हवंय ते आधी ठरव. एक पिकअपची गिटार घ्यायची आणि तीत अर्धे पर्याय मागच्या दारानं आणायचे.

तो आता माझी बाजू लढवत होता आणि मी त्याची, आणि दोघांनाही ते कळत होतं, पण माघार घेण्याची पद्धत आमच्या घरात नाही. मामीनं जेवायची पानं घेतली तरी कपॅसिटरचा निकाल लागला नाही. आधी नट करून घ्यायचा यावर एकमत झालं, पण त्यातही अडलं. खाचा तारेच्या जाडीप्रमाणे घासाव्या लागतात, तेव्हा तारा आधी ठरायला हव्यात. मी दहाचा सेट लावते. बोटांना हलका, सूर ओढायला सोपा. मामा म्हणतो अकराचा लाव, आणि तिसरी तार साधी नको, वेढ्याची लाव, त्या अखंड दांड्यावर ती सुरात बसेल. ते बरोबर असावं; ज्युनियर निघाली तेव्हा तिसरी तार वेढ्याचीच असे. पण मग मला सूर ओढता येणार नाही, आणि पी-९० वर सूर ओढायचा नसेल तर मी ही गिटार घेतली कशाला? मामा म्हणाला, बोटं घट्ट होतात, महिन्याभराचा प्रश्न आहे. आणि अकराचा सेट त्याच्याकडे पडूनच आहे, तो घालून बघतो, तोवर गिटार इथंच राहू दे, हेही त्यानं परस्पर सांगून टाकलं.